नायलॉनची दोरी: ताण, झोळ आणि गाठ

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘नायलॉनची दोरी द्या’ म्हटलं की दुकानदार बहुधा एकच प्रश्न विचारतो, जाड की बारीक? आपण अंगठा आणि बोट जवळ आणून जाडी दाखवतो, तो गुंडाळी तराजूवर ठेवतो आणि व्यवहार संपतो. दोन गोष्टी मात्र विचारायच्या राहून जातात. ही दोरी खरोखर नायलॉनची आहे का, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची: ताण आल्यावर या दोरीनं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? थोडं ताणून पुन्हा जागेवर यावं, की मुळीच हलू नये?

‘किती वजन पेलेल’ हा प्रश्न सगळ्यांना आधी सुचतो. घरच्या आणि बांधकामावरच्या किरकोळ कामांत तो शेवटी विचारला तरी चालतो. दीड मिलिमीटरची नायलॉन दोरीही नुसत्या हातानं ओढून सहसा तुटत नाही, त्याआधी हातच कापतो. ताकदीची कमतरता क्वचितच असते. काम बिघडतं ते दोरी नको तिथं ताणली गेली, तिला झोळ पडला, गाठ सुटली किंवा उन्हानं ती आतून कुजली म्हणून.

आधी ओळख पटवू. बाजारात ‘नायलॉन’ हे नाव सगळ्याच कृत्रिम दोऱ्यांना सरसकट चिकटलं आहे. निळी, पिवळी, हिरवी, चकचकीत आणि हाताला किंचित खरखरीत लागणारी दोरी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या प्लास्टिकची असते. पांढरी, मऊ, रेशमासारखी झाक असलेली दोरी नायलॉनची असू शकते, तशीच पॉलिएस्टरचीही. यातली कोणतीच दोरी वाईट नाही. फक्त प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे आणि कामं बिघडतात ती एकीकडून दुसरीची अपेक्षा केल्यामुळे.

घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा पाण्याची. दोरीचा बोटभर तुकडा घ्यायचा, त्याचा पीळ उलगडून तंतू मोकळे करायचे आणि साबणाच्या पाण्यात चांगले चुरून आतली हवा घालवायची. नायलॉन पाण्याच्या १.१४ पट जड आहे आणि पॉलिएस्टर १.३८ पट, म्हणून दोन्ही बुडतात. पॉलिप्रॉपिलीन ०.९१ आणि एचडीपीई ०.९५ पट, म्हणजे हे दोघे तरंगतात. तुकडा वर राहिला तर ते नायलॉन नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो. बुडाला तर उरला प्रश्न नायलॉन की पॉलिएस्टर. त्यासाठी अंगणात, चिमट्यात धरून, टोकाला काडी लावायची. पॉलिएस्टर काजळीचा काळा धूर सोडतं, नायलॉनचा धूर फिका असतो. दोन्ही वितळून थेंब गळतात, त्यामुळे हात आणि चेहरा लांब ठेवायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण इथं लागू नाही. नायलॉन पिळासकट वितळून गोळा होतं.

हा पदार्थ अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटानं २८ फेब्रुवारी १९३५ रोजी बनवलेला प्रकार पुढे नायलॉन ६६ म्हणून ओळखला गेला. १९३८ साली जर्मनीत पॉल श्लाक यांनी निराळ्या रसायनापासून नायलॉन ६ बनवला. नायलॉनचा पहिला उपयोग झाला दात घासण्याच्या ब्रशसाठी, मग बायकांच्या मोज्यांसाठी. महायुद्ध सुरू झाल्यावर पॅराशूट आणि दोरखंड त्याचे होऊ लागले. दोरीपुरता या दोन प्रकारांतला व्यवहारातला फरक म्हणजे ६ हा सुमारे २२० अंश सेल्सियसला वितळतो आणि ६६ सुमारे २६० अंशांना. आपल्याकडे या धाग्यांचं मोल मच्छीमारांना लवकर कळलं. सणाची आणि सुती जाळी खाऱ्या पाण्यात कुजत, म्हणून ती सालीच्या काढ्यात रंगवावी लागत आणि सतत वाळवावी लागत. कृत्रिम धाग्यानं तो खटाटोप संपवला. पुण्यात १९७६ साली सुरू झालेली गरवारे वॉल रोप्स ही कंपनी, जिचं नाव आता गरवारे टेक्निकल फायबर्स आहे, मासेमारीची जाळी आणि दोरखंड बनवूनच नावारूपाला आली.

आता मुख्य गुणाकडे येऊ. नायलॉन ताणतं. तुटायच्या आधी नायलॉनची दोरी आपल्या लांबीच्या साधारण १५ ते २८ टक्के वाढू शकते. पॉलिएस्टर १२ ते १५ टक्क्यांपर्यंत जातं, आणि रोजच्या हलक्या ताणाखाली तर दोघांतला फरक याहून ठळक जाणवतो. या ताणण्यामुळेच नायलॉन हिसका गिळतं. धक्क्याला बांधलेली होडी लाटेवर मागेपुढे होते, गिर्यारोहक घसरतो, वाऱ्याच्या झोतानं ताडपत्री फुगून आपटते, अशा वेळी न ताणणाऱ्या दोरीत एका क्षणात प्रचंड ओढ निर्माण होते. नायलॉन लांब होऊन ती ओढ पसरवतं. म्हणून नांगराचे दोर आणि गिर्यारोहणाचे दोर नायलॉनचे असतात.

पण हाच गुण दुसरीकडे दोष ठरतो. कपडे वाळत घालायची दोरी, कुंपणाचा ताण, वेलमांडवाचा मुख्य आडवा आधार, बांबू बांबूला जखडणारी बांधणी, या ठिकाणी दोरीनं हलू नये अशी अपेक्षा असते. तिथं नायलॉन आज घट्ट बांधलं तरी काही दिवसांत सैल पडतं, कारण सततच्या ताणाखाली त्याची ओढ हळूहळू उतरते. अशा कामाला पॉलिएस्टर घ्यावं, किंवा सरळ जीआय तार.

दुसरी भानगड पाण्याची. नायलॉन पाणी पितं. पूर्ण भिजलेलं नायलॉन ६ आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी धरून ठेवतं. त्याच्या लांबलचक रेणूंमधल्या बंधांमध्ये पाणी शिरतं, ते बंध सैलावतात आणि धागा मऊ होतो. ताकद दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते आणि दोरी एरवीपेक्षा जास्त ताणते. घायपात, अंबाडी किंवा तागाच्या दोरांची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण ते दोर भिजले की आखडतात आणि बांधणी आवळली जाते. आगोटीच्या दिवसांत पडवीला प्लास्टिकचा पडदा नायलॉननं बांधला असेल तर पहिल्या दोन जोरदार सरी झाल्यावर सगळे ताण पुन्हा ओढून घ्यावे लागतात. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही, त्यामुळे पावसात त्याचं वागणं फारसं बदलत नाही.

दुकानात दोरी हातात घेतल्यावर तिची घडण बघावी. पिळाची दोरी, म्हणजे दोन-तीन पदर एकमेकांवर वळलेली, स्वस्त असते आणि तिचे पदर उलगडून दुसऱ्या दोरीत गुंफता येतात. पण टोक मोकळं राहिलं की ती उसवत जाते, आणि ओढ कमीजास्त झाली की स्वतःभोवती फिरते. विणीची दोरी गोफासारखी असते. ती फिरत नाही, गाठ सोडल्यावर तिला आकडे पडत नाहीत, पण ती महाग. गुंडाळीतून दोरी काढताना रीळ फिरवत काढायची. रीळ उभं ठेवून वरून वेटोळी ओढली की प्रत्येक वेटोळ्यामागे एक नवा पीळ भरतो आणि वीस मीटर होईतो गुंता हातात येतो.

जाळ्याच्या दोऱ्याच्या रिळावर २१०/३६ असा आकडा दिसतो. २१० हे मूळ धाग्याचं डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आणि ३६ म्हणजे असे किती धागे एकत्र वळले आहेत ते. हिशेब सोपा आहे. चांगल्या प्रतीचा २१० डेनियरचा एक नायलॉन धागा दीड किलोच्या आसपास ओढीला तुटतो. असे ३६ म्हणजे ५४ किलो. वळण्यात थोडी ताकद जाते, तेव्हा पन्नासच्या आसपास धरू. आता ही पन्नास किलोची दोरी पन्नास किलो वजन टांगायला घेऊन चालेल का? मुळीच नाही. साधी गाठ मारली की दोरीची जवळपास निम्मी ताकद जाते, कारण गाठीच्या वळणावर बाहेरचे तंतू ताणले जातात आणि आतले दबतात. राहिले पंचवीस. पावसात भिजली की बावीस. ऊन, घासणं, अवचित बसणारे हिसके यांची वजावट अजून बाकीच आहे. तुटण्याच्या आकड्याचा दहावा भाग, म्हणजे पाच किलो, इतकंच वजन अशा दोरीवर निर्धास्त टांगावं. पाकिटावरचा मोठा आकडा प्रयोगशाळेत कोऱ्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोरीवर मोजलेला असतो.

बांधकामावर नायलॉनची दोरी वजन उचलत नाही, ती सरळ रेषा दाखवते, आणि या कामात तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही. आखणीच्या वेळी बुर्ज्या किंवा खुंट्या गाडून त्यांच्यामध्ये दोऱ्या बांधतात, त्यांवरून जमिनीवर फक्की मारतात. काटकोन काढायचा तर एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आणि त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मोठ्या घराला ६-८-१० किंवा ९-१२-१५ घ्यावं. जेवढा मोठा त्रिकोण तेवढी चूक कमी. शेवटी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत ना हे बघायचं. या सगळ्यात एक पथ्य पाळायलाच हवं. मापं टेपनंच घ्यायची, दोरीनं नाही. काही जण दोरीवर शाईची खूण करून ते माप दुसऱ्या भिंतीवर नेतात. सुती दोरीवर ते एक वेळ खपून जातं. नायलॉन एका जागी जरा जास्त आणि दुसऱ्या जागी जरा कमी ओढलं गेलं आणि फरक एक टक्क्याचा पडला, तर दहा मीटरमागे दहा सेंटिमीटर चुकले.

वीटकामात आधी दोन्ही टोकांचे कोपरे ओळंब्यात चढवतात आणि मग त्यांच्यामध्ये लाइनदोरी बांधतात. दोरी विटेच्या बाहेरच्या वरच्या कडेला यावी, पण विटेला टेकू नये. दोघींमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवली तर एखादी वीट दोरीला बाहेर ढकलत नाही. एक वीट टेकली की दोरी सरकते, पुढच्या विटा सरकलेल्या दोरीला लागतात आणि भिंतीला पोट येतं. भिंतीचं पोट नंतर प्लास्टरच्या जाडीत लपवलं जातं, आणि त्या सिमेंटचे पैसे घरमालक भरतो.

दोरी कितीही ओढली तरी तिला स्वतःच्या वजनानं थोडा झोळ पडतोच. तो मोजता येतो: एक मीटर दोरीचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले ओढीची आठपट. वरची २१०/३६ दोरी मीटरला साधारण ०.९ ग्रॅम भरते. दहा मीटर अंतर आणि पाच किलोची ओढ असेल तर मधोमध झोळ येतो सव्वादोन मिलिमीटर. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, सुमारे सव्वातीन मिलिमीटर. तेव्हा हा झोळ सुताच्या आत आहे आणि गवंडी तो मानणारही नाही. पण अंतर वीस मीटर झालं की झोळ दुप्पट नव्हे, चौपट होतो, नऊ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन सूत. कंपाउंडची भिंत मध्ये बसलेली दिसते ती पुष्कळदा यामुळे. ओढ दुप्पट केली की झोळ निम्मा होतो, पण ओढीला मर्यादा आहे, खिळा ओल्या सांध्यातून निघतो. त्यापेक्षा मध्यावर पाणनळीनं पातळी घेऊन एक वीट पक्की बसवावी आणि दोरी तिच्यावर एका पातळ पट्टीनं उचलून धरावी. वीसचे दोन दहा झाले की प्रश्न मिटतो.

याच हिशेबातून कळतं की लाइनदोरी जाड घेण्यात तोटा आहे. जाड दोरी मीटरला जास्त भरते, तेवढ्याच ओढीला जास्त झोळते, आणि आडवा वारा तिला जास्त ढकलतो. एक ते दीड मिलिमीटरची, विणीची, भडक पिवळी किंवा गुलाबी दोरी उत्तम. रंग हौसेसाठी नाही, राखाडी सिमेंटसमोर ती दुरून दिसायला हवी. आणि इथं नायलॉनचं ताणणं चक्क फायद्याचं ठरतं. न ताणणाऱ्या दोरीचा खिळा दोन मिलिमीटर जरी हलला तरी तिची ओढ एकदम उतरते आणि झोळ वाढतो. नायलॉन आधीच काही सेंटिमीटर ताणलेलं असतं, त्यामुळे खिळ्याची बारीक हालचाल ते सावरून घेतं. बोटानं छेडली की दोरी थरथरून ताबडतोब स्थिर व्हावी, इतकी ओढ पुरे. मात्र संध्याकाळी बांधून ठेवलेल्या दोरीवर सकाळी विश्वास ठेवू नये. रात्रभरात ओढ उतरलेली असते, दंवही पडलेलं असतं. पुन्हा ओढायची, पुन्हा तपासायची. ओढताना तोंड दोरीच्या रेषेत आणू नये, कारण ताणलेलं नायलॉन सुटलं की खिळ्यासकट परत येतं आणि डोळा जाऊ शकतो.

ओळंब्याला पिळाची दोरी लावली की वजन गरागरा फिरत राहतं आणि गवंडी ते थांबायची वाट पाहत बसतो. तिथं विणीचीच हवी. सुताराचं सूत मारायला मात्र नायलॉन कामाचं नाही. त्याच्या गुळगुळीत अंगावर गेरू किंवा नीळ ठरत नाही. साधा सुती दोरा तिथं सरस.

आडव्या बांधलेल्या दोरीवर मधोमध वजन टांगलं की काय होतं, हे कळलं तर घरातली बरीच मोडतोड टळेल. गच्चीवर पाच मीटर अंतरावर दोरी बांधली आणि मध्यावर दहा किलोचं ओलं बोचकं टाकलं. दोरी मध्ये ४४ सेंटिमीटर खाली आली तर तिच्यात ओढ येते सुमारे २९ किलोची. फक्त २२ सेंटिमीटर खाली आली तर ५७ किलोची. आणि कोणी हौसेनं इतकी ताठ बांधली की ती पाचच सेंटिमीटर झोळते, तर ओढ जाते अडीचशे किलोच्या घरात. वजन तेच, दहा किलो. दोरी जितकी आडवी तितकं ते वजन तोलायला तिला दोन्ही बाजूंना जास्त ओढावं लागतं. दोरी टिकली तर भिंतीतला हूक प्लास्टरसकट येतो. कपड्यांच्या दोरीला थोडा झोळ असू द्यावा. तिला नावं ठेवणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

ताडपत्रीच्या बाबतीत लोक नेमकी उलटी चूक करतात. दोरी जितकी दणकट तितकं बरं, असं समजून कोपऱ्याच्या कडीला जाड दोर बांधतात. वादळी वाऱ्यात दोर शाबूत राहतो, कडी ताडपत्रीतून फाटून निघते आणि एक कोपरा मोकळा झाल्यावर बाकीच्या कड्या एकामागून एक जातात. बारीक नायलॉन दोरी, प्रत्येक कडीला वेगळी, थोडी लांब ठेवून बांधावी. लांब दोरी जास्त ताणते, हिसका गिळते. आणि अगदीच बेफाम वारा आला तर ती तुटेल, ताडपत्री वाचेल. दोरी मीटरभर जाते, ताडपत्री नवी घ्यावी लागते. एकच लांब दोरी सगळ्या कड्यांतून ओवून घेणं दिसायला नीटनेटकं असतं, पण एका जागी कापली गेली की सगळी बाजू सुटते.

गाठीचं म्हणाल तर नायलॉन निसरडं आहे. तागाच्या सुतळीवर धरणारी गाठ इथं सुटू शकते. दोन टोकं जोडायला आपण सवयीनं मारतो ती साधी दुहेरी गाठ नायलॉनवर भरवशाची नाही. दोन्ही टोकं एकमेकांशेजारी उलट दिशांनी ठेवून प्रत्येक टोकानं दुसऱ्या दोरीभोवती दोन वेढे घेऊन गाठ मारावी आणि मग दोन्ही गाठी एकमेकींवर ओढून घ्याव्यात. मच्छीमार हेच करतात. खांबाला बांधताना दोन पूर्ण वेढे आधी घ्यावेत, मग दोन अर्ध्या गाठी. वेढ्यांच्या घर्षणातच बहुतेक ओढ जिरते, गाठीवर फार थोडी उरते. शेवटी वीतभर टोक सोडावं, आणि गाठ ओली करून आवळावी. सुरगाठ फक्त तिथंच मारावी जिथं आपण समोर उभे आहोत. निघून जायचं असेल तर निरगाठ. टोक उसवू नये म्हणून काडेपेटीनं वितळवून घेतात ते योग्यच, पण वितळलेला थेंब बोटानं दाबायचा नाही. तो कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. चमच्याच्या पाठीनं दाबावा.

टेम्पोवाले माल आवळताना दोरीच्या मध्यावर एक फास करतात, टोक कडीतून फिरवून त्या फासातून परत ओढतात. ओढ काही पटींनी वाढते, घर्षणात थोडी जाते. नायलॉननं हे करताना दोरी दोरीवरून झरझर ओढू नये. घर्षणाची उष्णता एकाच जागी साचते आणि थांबलेली दोरी वितळून कापली जाते. प्लंबर याच गोष्टीचा उपयोग करतात. करवत घुसत नाही अशा कोपऱ्यातला पीव्हीसी पाइप नायलॉन दोरीनं पुढेमागे घासून कापतात, आणि काप चांगला सरळ येतो.

ऊन हा सगळ्याच कृत्रिम दोऱ्यांचा शत्रू. पॉलिएस्टर त्यातल्या त्यात टिकतं, नायलॉन मधलं, आणि संरक्षक रसायन न घातलेलं पॉलिप्रॉपिलीन सगळ्यात आधी जातं. काजळी मिसळलेल्या काळ्या दोऱ्या उन्हात जास्त टिकतात. खराब झालेली दोरी ओळखायची खूण: रंग फिका, अंगावर लव, हाताला कडक, आणि नखानं खरवडलं की भुकटी. आतून ती चांगली असेल या आशेवर राहू नये. बाहेरच्या बांधण्या दर पावसाळ्याआधी बदलून टाकाव्यात. दोरी हा या सगळ्या मांडणीतला सर्वांत स्वस्त भाग आहे.

सिमेंट आणि चुना नायलॉनचं काही बिघडवत नाहीत, कारण अल्कलीला ते तोंड देतं. ॲसिडशी मात्र त्याचं हाडवैर. फरशी धुण्याचं ॲसिड किंवा बॅटरीतलं ॲसिड लागलेली दोरी दिसायला तशीच राहते आणि ओढली की तुटते. अशी दोरी वेगळी न ठेवता तिथल्या तिथं कापून टाकावी.

बागेत आणि शेतात नायलॉनबद्दल माझं मत जरा कडक आहे. दोडका, कारली, काकडी यांच्या मांडवाचा सांगाडा तारेचा, उभ्या आधारासाठी नायलॉन चालेल, कारण ते हंगामभर कुजत नाही. पण खोडाला बांधायला तागाची सुतळी घ्यावी. बारीक नायलॉन वाढत्या खोडात रुततं, साल कापतं. आणि हंगाम संपल्यावर वेलासकट सुतळी खतात जाते, नायलॉन जात नाही. शेतात राहिलेले तुकडे रोटाव्हेटरच्या दांड्याला गुंडाळतात, सील खराब करतात, कडब्यातून गुरांच्या पोटात जातात.

एक गोष्ट वाद न घालता सांगायची. माणसाचा जीव ज्यावर आहे तिथं किलोवर विकली जाणारी दोरी वापरायची नाही. परांचीवर चढणाऱ्याचा पट्टा, मुलांचा झोका, विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर यांना प्रमाणित, आकडा लिहिलेला, नवा दोर हवा. परांचीच्या बांबूंनाही गुळगुळीत नायलॉनपेक्षा काथ्या चांगला धरतो, आणि ते बांधणाऱ्या कारागिराचा अनुभव तर त्याहून मोलाचा.

उरलेली दोरी आठ आकड्यात गुंडाळून, सावलीत, उंदरांपासून लांब टांगून ठेवावी. कामाच्या जागी पडलेले तुकडे मात्र उचलाच, वीतभर असले तरी. नायलॉन आणि इतर कृत्रिम मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, कारण त्यात माणसं आणि पक्षी कापले जात होते. झाडावर किंवा तारेवर अडकून राहिलेली साधी दोरीही पक्ष्याच्या पायात गुंतते. ती जाळू नका, नाल्यात टाकू नका. लहान लहान तुकडे करून पिशवीत भरा आणि सुक्या कचऱ्यात द्या.